उत्पन्न आणि सरकारी मदतीची पाहणी: वर्षातून एकदा विचारावे की अनेकदा?

धुळ्याच्या एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे: कुटुंबांचे उत्पन्न आणि त्यांना मिळणारी सरकारी मदत मोजणारी राष्ट्रीय पाहणी नव्याने आखायची असेल, तर अमेरिकेने २०१४ मध्ये केले त्याप्रमाणे वर्षातल्या अनेक छोट्या भेटी बंद करून एकच सविस्तर मुलाखत घ्यावी का, आणि मदतीची रक्कम लोक कमी सांगतात, ही जुनी अडचण त्यामुळे कमी होईल की वाढेल? प्रश्न योग्य वेळी आला आहे. देशातली पहिली स्वतंत्र कौटुंबिक उत्पन्न पाहणी २०२६ मध्ये घेण्याचे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केले आणि तिच्या आखणीसाठी अर्थतज्ज्ञ डॉ. सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. अशी पाहणी एकदा रुळली की तिची चौकट पुढे अनेक वर्षे बदलता येत नाही, म्हणून आखणीची चर्चा आधीच झालेली बरी.

मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरच्या पाहण्यांच्या क्षेत्रकामाची आखणी आणि देखरेख बरीच वर्षे करत आले आहे, त्यामुळे हे उत्तर मुख्यतः खान्देशातल्या अनुभवावर उभे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. ग्रामीण आणि हंगामी कामावर जगणाऱ्या कुटुंबांसाठी एक भेट पुरणार नाही आणि चार भेटी परवडणार नाहीत. दोन भेटी घ्याव्यात, त्यांची वेळ त्या भागातल्या कामाच्या हंगामावरून ठरवावी, आणि ‘एकूण उत्पन्न किती’ हा प्रश्न प्रश्नावलीत कुठेही ठेवू नये. भेटी किती हा मुद्दा त्या मानाने दुय्यम आहे. माणूस स्वतःची मिळकत कोणत्या हिशेबाने लक्षात ठेवतो आणि आपली प्रश्नावली त्या हिशेबाशी जुळते का, यावर सगळे अवलंबून आहे.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात, हेही मान्य करायला हवे. पाहणीचा हेतू केवळ वार्षिक उत्पन्नाची पातळी आणि विषमता मोजण्याचा असेल तर लांबचा संदर्भकाळ चालतो. पण कुटुंब एखाद्या योजनेत कधी आले, कधी बाहेर पडले आणि त्या दरम्यान त्याच्या कामाचे काय झाले हे समजून घ्यायचे असेल तर महिन्या-महिन्याची नोंद लागते. जळगाव शहरातल्या पगारदार कुटुंबाला वर्षातून एकदा गाठले तरी वेतनचिठ्ठी आणि बँकेचे विवरण यांवरून माहिती नीट भरून निघते. सातपुड्यातल्या पाड्यावर असे कोणतेही कागद नसतात, आणि तिथे पद्धत बदलली की उत्तरही बदलते.

अमेरिकेचे उदाहरण नीट पाहायला हवे, कारण त्यातून आपण काय उचलतो हे महत्त्वाचे आहे. उत्पन्न आणि शासकीय कार्यक्रमांतील सहभाग मोजणारी तिथल्या जनगणना कार्यालयाची ही पाहणी १९८३ च्या अखेरीस सुरू झाली. निवडलेल्या कुटुंबाकडे दर चार महिन्यांनी जायचे आणि मागच्या चारही महिन्यांचे काम, मिळकत, अन्नसाहाय्य, वैद्यकीय साहाय्य यांची महिनावार नोंद घ्यायची, अशी तिची मूळ रचना होती. चार महिने कोणालाही आठवतील, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात आकडे मांडल्यावर असे दिसले की कुटुंबाच्या स्थितीतले बदल प्रमाणाबाहेर दोन मुलाखतींच्या सांध्यावरच जमा झालेले असतात: एका मुलाखतीतले चार महिने एकसारखे, आणि पुढच्या मुलाखतीचा पहिला महिना एकदम वेगळा. विचारणाऱ्याच्या तारखा पाहून कोणाची मदत सुरू होत नाही किंवा थांबत नाही. माणूस आजची स्थितीच मागच्या सगळ्या महिन्यांना लावतो, आणि खरा बदल ज्या महिन्यात झाला तिथून घसरून सांध्यावर येऊन पडतो.

२००६ मध्ये ही पाहणी बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तिचा वापर करणाऱ्या संशोधकांनी त्याला जोरदार विरोध केला आणि त्यातून फेरआखणीचे काम उभे राहिले. २०१४ पासून वर्षातून एकदा मुलाखत होते, संदर्भकाळ मागच्या पूर्ण कॅलेंडर वर्षाचा असतो, आणि प्रश्न घटना-दिनदर्शिकेवर बसवलेले असतात. म्हणजे माणूस कुठे राहत होता, कोणासोबत राहत होता, काम कधी लागले आणि कधी सुटले हे आधी वर्षाच्या पट्टीवर मांडायचे, आणि त्या खुणांचा आधार घेऊन मदत कधी सुरू झाली, कधी थांबली हे विचारायचे. एकच भेट हा त्यातला खर्च आणि उत्तर देणाऱ्यावरचा भार कमी करण्यासाठी स्वीकारलेला भाग आहे. दोन वर्षांच्या मुलाखतींमधला सांधा त्यातही शिल्लक राहतोच. आपण उचलावी अशी गोष्ट दिनदर्शिका आहे, आणि ती आपल्या मातीतल्या खुणांवर बसवता येते, किंबहुना अधिक चांगली बसवता येते.

आपल्याकडे हा प्रयत्न पहिल्यांदाच होत आहे असे समजू नये. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५५ च्या नवव्या आणि १९५८-५९ च्या चौदाव्या फेरीत उत्पन्नाची माहिती प्रायोगिक तत्त्वावर घेतली होती, १९६४-६५ आणि १९६९-७० च्या फेऱ्यांत कुटुंबाची जमा आणि खर्च एकत्र विचारून पाहिले होते, आणि १९८० च्या दशकात पथदर्शी पाहणीही झाली होती. हाती लागलेले उत्पन्न हे खर्च आणि बचत यांच्या बेरजेपेक्षा कमी भरते, या अडचणीमुळे तो मार्ग पुढे सोडून दिला गेला आणि देशाने राहणीमान मोजण्यासाठी उपभोग-खर्चाचा आधार घेतला. लोक उत्पन्न लपवतात, असे याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. काही घरांत ते खरे आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत लपवण्याचा हेतू नसतानाही उत्पन्न कमी नोंदले जाते, कारण प्रश्नच त्यांच्या हिशेबाच्या भाषेत विचारलेला नसतो.

‘तुमचे वर्षाचे उत्पन्न किती?’ असे खान्देशातल्या कोणत्याही घरात विचारून पाहावे. उत्तर लगेच मिळते, कारण ते तयारच असते: तहसील कार्यालयातून मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा एखाद्या योजनेसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा. नवखा अन्वेषक तो आकडा लिहून घेतो आणि मुलाखत लवकर आटोपल्याचे त्याला समाधान वाटते. उत्तर देणारी व्यक्ती खोटे बोलत नसते; सरकारी माणसाने उत्पन्न विचारले की दाखल्यावरचे सांगायचे असते, हा तिचा आजवरचा अनुभव असतो. म्हणूनच एकूण आकडा विचारू नये, असे मी आग्रहाने म्हणते. आकडा आपण जोडायचा असतो; कुटुंबाने फक्त कामे, पिके, माणसे आणि जमा झालेल्या रकमा सांगायच्या असतात.

आता संदर्भकाळाची गोष्ट, जी खान्देशात फार गुंतागुंतीची होते. रावेर-यावल पट्ट्यात केळीची मृगबाग जून-जुलैत लागते आणि कांदेबाग पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास; दोन्हींत घड कापणीला येईपर्यंत साधारण वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो. रोपे, ठिबकच्या नळ्या, खते आणि मजुरी यांचा खर्च एका वर्षात पडतो आणि व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची रक्कम, दुसऱ्या वर्षात हातात येते. जानेवारी ते डिसेंबर असा संदर्भकाळ ठेवला तर एकाच शेतकऱ्याला एका वर्षी तोट्यात आणि पुढच्या वर्षी श्रीमंत दाखवणारे आकडे तयार होतात, आणि दोन्ही चुकीचे असतात. अशा घरी मी वर्षाचा हिशेब मागू देत नाही. बागेचा हिशेब मागायला सांगते. कोणती बाग, कधी लागली, कधी कापली, तिच्यावर काय खर्च झाला, तिची पट्टी किती आली, हे शेतकरी न अडखळता सांगतो, कारण तो स्वतः तसाच विचार करतो. वर्षात वाटणी करण्याचे काम नंतर कार्यालयात करता येते. वादळात बाग आडवी झाली आणि फळपीक विम्याची रक्कम उशिरा आली, तर तीही त्याच बागेच्या नावाने नोंदवावी. ती सरकारी मदतीच्या रकान्यात गेली की पीकही चुकते आणि मदतही चुकते.

कापसाची अडचण वेगळी आहे. वेचणी झाली तरी भाव वाढेल या आशेने कापूस घरात राहतो, आणि गावात येऊन व्यापारी करतात त्या खेडा खरेदीत विकला गेला तर त्याची पावतीही अनेकदा नसते. इथे ‘किती विकला’ याआधी ‘किती वेचला आणि घरात किती आहे’ हे विचारावे लागते. वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या सालदाराचे तर सगळे वर्षच आखाजी ते आखाजी असते: अक्षय्य तृतीयेला साल ठरते, काही रक्कम आगाऊ मिळते, काही धान्याच्या रूपात मिळते आणि उरलेली हिशेबाच्या वेळी. त्याला कॅलेंडर वर्षाचे विचारणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मालकांचे दोन अर्धे करार त्याच्याकडून तोंडी जोडून घेणे आहे.

शेतकरी कुटुंबांच्या स्थितीच्या राष्ट्रीय पाहणीने हे काही अंशी ओळखले आहे. २०१९ च्या फेरीत त्याच कुटुंबाला दोनदा भेटून जुलै २०१८ ते जून २०१९ या कृषी वर्षाचे दोन अर्ध वेगवेगळे विचारले गेले, आणि त्यातून शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचे ४,०६३, पिकाचे ३,७९८, जनावरांचे १,५८२, बिगरशेती व्यवसायाचे ६४१ आणि जमीन भाड्याने दिल्याचे १३४ रुपये होते. शेतकरी म्हणवणाऱ्या कुटुंबाच्या मिळकतीत मजुरीचा वाटा पिकापेक्षा मोठा आहे, हे एकच आकडा विचारून कधीच कळले नसते. या पाच रकमांत सरकारी मदतीचा वेगळा रकाना मात्र नाही. नव्या पाहणीला तो नीट बांधायचा आहे.

मदतीकडे वळण्यापूर्वी ऊसतोडीचे एक घर जवळून दाखवते, कारण संदर्भकाळ, कर्ज आणि मिळकत यांचा गुंता तिथे एकत्र पाहायला मिळतो. तळोदा तालुक्यातल्या एका पाड्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून गुजरातेत तोडीला जाणारे कुटुंब होते. त्यांनी तोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अन्वेषकाने ‘इतर उत्पन्न’ म्हणून लिहिली होती. उचल हे कर्ज आहे, आणि आंतरराष्ट्रीय स्तरावर उत्पन्नाच्या व्याख्येसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅनबेरा गटाच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसारही कर्जाऊ आलेली रक्कम उत्पन्न ठरत नाही. उत्पन्न आहे ते तोडलेल्या टनांची मजुरी, जी त्या घराला रोख कधी मिळालीच नव्हती, कारण ती उचलीतून वळती होत गेली. बाईंना ‘मजुरी किती मिळाली’ विचारल्यावर त्या ‘काहीच नाही’ म्हणाल्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरे होते. मग विचारले, की उचल फिटली की अंगावर आली? तेव्हा सगळा हिशेब उलगडला: किती आठवडे तोड चालली, मुकादमाने मध्ये दिलेले धान्य कसे धरले, आजारपणाचे किती खाडे कापले, आणि शेवटी किती रक्कम पुढच्या सालावर गेली. शिवाय उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) विकून जे रोख पैसे येत होते त्यांवर त्यांचा रोजचा मीठमिरचीचा खर्च भागत होता, आणि वाढ्यांचा रकाना मी अजून कोणत्याही छापील प्रश्नावलीत पाहिलेला नाही.

अशाच घरांत दिनदर्शिकेचा खरा उपयोग होतो. फेब्रुवारीत काय काम होते, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. सातपुड्यातल्या होळीला घरी आले होते का, सारंगखेड्याच्या यात्रेच्या वेळी कुठे होतात, पोळ्याला कोणाच्या शेतात काम होते, श्रावणात कानबाई देवी बसली तेव्हा मुलगा सुरतेहून आला होता का, असे विचारले की घरातली माणसे एकमेकांना दुरुस्त करत वर्ष उभे करतात. या खुणा तालुक्यागणिक वेगळ्या आहेत: जामनेरला कानबाईचा आधार चालतो, धडगावला होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा आणि होळीचा चालतो. म्हणून राष्ट्रीय प्रश्नावलीत दिनदर्शिकेची मोकळी पट्टी द्यावी आणि तिच्यावरच्या खुणा प्रशिक्षणाच्या वेळी जिल्हा पातळीवर भराव्यात. दिल्लीत बसून ठरवलेली सणांची यादी इथे उपयोगी पडत नाही.

आता सरकारी मदत. लोक ती कमी का सांगतात, याची तीन कारणे मला वारंवार दिसतात, आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिले कारण म्हणजे रक्कम कोणत्या योजनेची हे घरातल्या माणसांनाच माहीत नसते. शिंदखेडा तालुक्यातल्या एका घरी पासबुके समोर ठेवून बसलो असताना हे फार स्पष्ट दिसले. मुलाच्या खात्यावर पीएम किसानचे दोन हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे दोन हजार येत होते. रक्कम सारखीच, वर्षातून तीन-तीन हप्ते. सुनेच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे दीड हजार, आणि विधवा आईच्या खात्यावर संजय गांधी निराधार योजनेचेही दीड हजार. कधी दोन महिन्यांचे एकदम आले की नोंद तीन हजारांची. मुलाने सुरुवातीला ‘आमच्याकडे दोन योजना आहेत’ असे सांगितले होते, कारण त्याच्या मनात दोन हजारांची एक आणि दीड हजारांची एक असा हिशेब होता. ज्या बाईला नमो शेतकरीचा लाभ स्वतःच्या नावावर मिळतो तिला लाडकी बहीणमधून पाचशेच मिळतात. ते पाचशे कशाचे, हे अनेकींना सांगता येत नाही. अशा परिस्थितीत योजनांची लांबलचक यादी वाचून ‘मिळते का’ असे हो-नाही विचारण्याची पद्धत दमवते आणि चुकवते. मी उलट क्रम पसंत करते: आधी घरातली प्रत्येक व्यक्ती, मग तिचे बँक खाते, मग त्या खात्यावर गेल्या हंगामात कामाखेरीज काय जमा झाले, आणि योजनेचे नाव सगळ्यात शेवटी. नाव कळले नाही तरी रक्कम आणि महिना नोंदवावा. पुढे कार्यालयात बहुतेक वेळा योजना ओळखता येते. पासबुक पाहायला मागावे, पण ते ऐच्छिक असावे आणि त्याचा फोटो काढू नये.

दुसरे कारण असे की ज्याला आपण मदत म्हणतो ते लोकांना मदत वाटतच नाही. रेशन हे त्याचे सर्वात मोठे उदाहरण. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, पण ‘सरकारकडून काही मिळते का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या घराच्या कोपऱ्यात त्याच धान्याचे पोते मी पाहिले आहे. शाळेतला पोषण आहार, अंगणवाडीतला शिधा, सायकल, गणवेश हेही असेच गळते. उपभोग-खर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीने मोफत वस्तू वेगळ्या विचारून त्यांची किंमत धरण्याची सोय केली, हे मोठे पाऊल होते; ग्रामीण भागाचा दरडोई मासिक खर्च त्यामुळे ३,७७३ वरून ३,८६० रुपये झाला. सरासरीतली ८७ रुपयांची वाढ किरकोळ वाटेल, पण ती सगळ्या ग्रामीण भारतावर पसरलेली सरासरी आहे; अंत्योदय कार्डावरच्या घरात त्या धान्याचे मोल कितीतरी अधिक असते. उत्पन्नाच्या पाहणीत वस्तुरूप मदत नेहमी किलो आणि नगांत विचारावी, रुपयांत विचारू नये. गेल्या महिन्यात दुकानात अंगठा कोणी दिला आणि घरी किती आणले, एवढे विचारले की पुरते.

तिसरे कारण भीती, आणि ते सर्वात अवघड आहे. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींची पडताळणी सुरू झाल्यापासून दारात टॅबलेट घेऊन आलेली कोणतीही व्यक्ती नाव कापायला आली आहे, असा समज पक्का झाला आहे. त्या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, त्यामुळे उत्पन्न आणि मदत एकाच बैठकीत विचारणारी पाहणी लोकांना सापळ्यासारखी वाटते. नव्या उत्पन्न पाहणीच्या २०२५ मधल्या पूर्वचाचणीत बहुसंख्य लोकांना हे प्रश्न फार खासगी वाटल्याचे दिसून आले होते, त्यात मला आश्चर्य वाटले नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार दिलेली माहिती केवळ सांख्यिकी कामासाठीच वापरता येते, हे पत्रकात छापणे आवश्यक आहे. पण छापील वाक्यावर विश्वास बसत नाही, वागणुकीवर बसतो. आधार क्रमांक अजिबात मागू नये. गावातल्या पदाधिकाऱ्याला किंवा रेशन दुकानदाराला सोबत घेऊन घरात शिरू नये, मग तो कितीही मदतीला तयार असो. बायकांच्या खात्यांची माहिती शक्यतो बाई अन्वेषकाने आणि त्या बाईंकडूनच घ्यावी. मुलाने आईच्या निवृत्तिवेतनाचे दिलेले उत्तर आणि आईने स्वतः दिलेले उत्तर यांत मला पुन्हा पुन्हा फरक आढळला आहे. पावरी किंवा मावची या आदिवासी बोली बोलणाऱ्या घरात दुभाषी त्याच पाड्यावरचा नसावा.

सरकारकडे लाभार्थ्यांच्या याद्या आहेतच, मग विचारायचे कशाला, असाही एक युक्तिवाद केला जातो. याद्यांशी तालुका किंवा जिल्हा पातळीवर एकत्रित तुलना जरूर करावी. पाहणीत मदत किती गळते हे त्यातून कळते. पण व्यक्तीगणिक जोडणी करण्याच्या मी विरोधात आहे, कारण ती बातमी एकदा गावात पोहोचली की पुढच्या पाहणीला दार उघडणार नाही. शिवाय यादी मंजुरी सांगते, आणि घर सांगते ते हातात आलेले पैसे. केवायसी अडकल्यामुळे थांबलेला हप्ता किंवा दुसऱ्याच खात्यावर गेलेली रक्कम घरी बसून विचारल्यावरच कळते, आणि धोरणासाठी तीच माहिती मोलाची असते.

कुटुंब कोणाला म्हणायचे, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. नमुना पाहणीत एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब. रेशन कार्डावरचे कुटुंब वेगळे असते, सातबाऱ्यावरचे वेगळे आणि योजनेच्या नियमातले आणखी वेगळे. म्हणून चुलीची व्याख्या कायम ठेवून प्रत्येक माणसासमोर त्याचे नाव कोणत्या कार्डावर आहे हे नोंदवावे, म्हणजे पुढे विश्लेषण करणाऱ्याला दोन्ही प्रकारे गट पाडता येतील. त्याहून बिकट प्रश्न स्थलांतराचा. सहा महिने बाहेर असेल तर माणूस कुटुंबाबाहेर, हा नेहमीचा नियम. आणि तोडीचा हंगाम दसरा-दिवाळीपासून एप्रिल-मेपर्यंत, म्हणजे नेमका त्या सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर. राष्ट्रीय पाहण्यांचे काम वर्षभर विभागलेले असते, त्यामुळे हिवाळ्यात वाट्याला आलेल्या अक्कलकुव्यातल्या गावात निम्म्या घरांना कुलूप असू शकते. नियमानुसार बदली घर घेतले जाते, आणि बदली घर अर्थातच गावात राहिलेले, म्हणजे तुलनेने बऱ्या स्थितीतले असते. अशा रीतीने सर्वात गरीब घरे नमुन्यातून निघून जातात आणि आकडेवारीत त्याचा मागमूसही उरत नाही. कुलूपबंद घर बदलू नये. ते ‘हंगामी बाहेर’ म्हणून नोंदवून आखाजीनंतर पुन्हा गाठावे, हा नियम मला फेरआखणीतला सर्वात महत्त्वाचा बदल वाटतो.

एवढ्यावरून दोन भेटींचा आग्रह का, हे स्पष्ट झाले असेल. खान्देशात एक भेट आखाजी आणि पेरणी यांच्या मधल्या दिवसांत, जेव्हा तोडीचे हिशेब ताजे असतात आणि सालदाराचे साल ठरलेले असते. दुसरी पोळ्यानंतर, दसऱ्याच्या आधी, जेव्हा खरिपाचा खर्च आठवणीत असतो आणि माणसे अजून घरी असतात. दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीची दिनदर्शिका समोर ठेवावी आणि तिथून पुढे विचारावे, म्हणजे सांध्याचा दोष कमी होतो. कामाचा मासिक चढउतार मोजण्यासाठी श्रमशक्ती पाहणी आहेच. जानेवारी २०२५ पासून ती निवडलेल्या कुटुंबाला सलग चार महिने भेटते. उत्पन्नाच्या पाहणीने तेच काम पुन्हा करण्याची गरज नाही.

शेवटी फेरआखणीची किंमत, जिच्याकडे तरुण संशोधकांचे दुर्लक्ष होते. पद्धत बदलली की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना तुटते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या पंचावन्नाव्या फेरीत अन्नखर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन रकाने एकाच प्रश्नावलीत शेजारी शेजारी ठेवले गेले. त्याआधीच्या छोट्या फेऱ्यांत हे दोन संदर्भकाळ वेगवेगळ्या घरांत वापरले होते, आणि तेव्हा सात दिवसांच्या पद्धतीने अन्नखर्च सुमारे ३० टक्के जास्त आला होता. एकाच घरात दोन्ही विचारल्यावर लोक आणि अन्वेषक दोघेही ते आकडे एकमेकांशी जुळवू लागले, आणि दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले ते खरे किती आणि पद्धतीमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद वर्षानुवर्षे चालला. नवी पद्धत आणायची तर निदान एक पूर्ण वर्ष जुनी आणि नवी प्रश्नावली समांतर चालवावी. गावे तीच असावीत, घरे वेगळी असावीत, आणि कोणत्या घराला कोणती प्रश्नावली हे चिठ्ठीने ठरवावे.

विद्यार्थ्याच्या गटाला सूचना पाठवायच्या असतील तर पूर्वचाचणीसाठी रावेर आणि अक्राणी (धडगाव) हे दोन तालुके सुचवावेत, कारण एकाच राज्याच्या एका कोपऱ्यात बागायती केळी आणि डोंगरातले स्थलांतर दोन्ही तपासून होतात. निकाल पाहताना मुलाखतीची मिनिटे किती वाचली हे आधी पाहू नये. बदल सांध्यावर साचले आहेत का, उत्पन्नाचे किती आकडे दाखल्यावर असतात तसे गोल आहेत, मदतीची बेरीज तालुक्याच्या वितरणाच्या किती जवळ जाते, आणि कुलूपबंद नोंदवलेल्या घरांपैकी किती आखाजीनंतर खरोखर गाठली गेली, या चार तक्त्यांचा आग्रह धरावा. शेवटचा तक्ता बहुतेक अहवालांत नसतो, म्हणून तो लेखी मागून घ्यावा.